नऊ महिन्यांचं ऑपरेशन

शेव्हरच्या मुठीतून आरपार एक अरुंद वाट जाते. दुर्बिणीनं गुडघ्याचं ऑपरेशन करताना कापलेले तुकडे, रक्त आणि पाणी याच वाटेनं ओढलं जातं. तळेगावातल्या एका हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत सिंकसमोर उभे असलेले, हत्यारं धुणारे मामा त्या वाटेत एक लांब, बारीक ब्रश घालतात, दुसऱ्या टोकानं बाहेर काढतात, त्याचे केस उजेडात धरून बघतात, धुतात आणि पुन्हा घालतात. ब्रश स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे चालू राहतं. मग मूठ भिंगाखाली जाते. तिथे काही दिसलं, तर सगळं पहिल्यापासून.

मी तिथे गेले ते ओळखीतल्या एका कुस्तीगीर मुलामुळे. दुसऱ्याच एका ठिकाणी त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट नव्यानं बसवलं होतं. जखम भरली, टाके निघाले, घरात पेढे वाटले. महिन्याभरानं गुडघा सुजला आणि टाक्यांच्या जागेतून पाणी झिरपू लागलं. नेहमीच्या तपासण्यांत काही सापडेना. शेवटी निदान झालं ते क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतल्या, साध्या नळाच्या पाण्यात राहणाऱ्या जंतूंचं. पुन्हा ऑपरेशन, मग महिनोन् महिने औषधं. जंतू नेमका कुठून शिरला, हे कुणालाच ठामपणे सांगता आलं नाही. सर्जनचा हात चांगला होता, असं मात्र सगळेच सांगत. हात चांगला असूनही असं होत असेल, तर ते टाळण्याचं काम कोण करतं, हे मला बघायचं होतं.

मामांना या जंतूंबद्दल विचारलं. ते म्हणाले, “औषधात बुडवलं की झालं, असं पूर्वी समजायचे. आत मांसाचा कण राहिला तर औषध त्याच्या आत पोचतच नाही. आणि औषधातून काढून साध्या पाण्यात खंगाळलं, की सगळी मेहनत वाया.” अमेरिकेच्या औषध नियामकानं २००९ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता: सांगितलेल्या पद्धतीनं धुऊनही शेव्हरच्या मुठींत मांसाचे कण उरलेले सापडत होते. फॉर्मलिनच्या गोळ्या ठेवलेल्या डब्यात दुर्बीण ठेवून ती निर्जंतुक झाली असं मानण्याची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षं होती. तिच्यावर विसंबू नये, हे आता सर्वमान्य आहे. या खोलीत तो डबा नाही. उष्णता सोसणारी हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये जातात, न सोसणाऱ्यांसाठी वेगळं यंत्र आहे. प्रत्येक गाठोड्यात कागदाची एक पट्टी असते. वाफ आतपर्यंत पोचली की पट्टीचा रंग बदलतो. रंग नीट उतरला नसेल तर ते गाठोडं थिएटरचं दार ओलांडत नाही, मग बाहेर कितीही घाई असो.

ऑटोक्लेव्हमधून नुकत्याच निघालेल्या कापडाला गरम, ओलसर, किंचित करपट वास येतो. पुढे कधीही दवाखान्याच्या दारातून आत गेले, की मी नकळत तोच वास शोधू लागले. आतलं काम कुणीतरी मन लावून करतंय, याचा तो पुरावा वाटायचा.

थिएटरमध्ये त्या दिवशी कार्ल्याकडच्या एका गावचा कबड्डीपटू होता, संघाचा मुख्य चढाईपटू. कुणी पकड केली नव्हती, धक्काही लागला नव्हता. बोनस घेऊन परत फिरताना पाय जमिनीत रुतला, अंग वळलं आणि गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, तुटल्याची ही अगदी ठरलेली कहाणी. भूल देण्याआधी सिस्टरनी त्यालाच विचारलं, “नाव सांग. कुठला पाय?” त्यानं डावा सांगितला. डाव्या मांडीवर मार्करचा बाण आदल्या फेरीतच काढलेला होता, तरीही विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये आणलेल्या एकोणीस मुद्द्यांच्या यादीतला हा प्रश्न आहे. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती यादी वापरून पाहिली, तेव्हा मोठ्या गुंतागुंतीचं प्रमाण शंभरात अकरावरून सातवर आलं. त्यासाठी नवं यंत्र लागलं नव्हतं. क्षणभर थांबून एकमेकांना मोठ्यानं विचारायचं, एवढंच करायचं होतं.

अँटिबायोटिक चीर देण्याआधी तासाभराच्या आत जातं, आणि मांडीला रक्त थांबवणारा पट्टा आवळण्याआधी जातं. पट्टा आवळल्यावर दिलं तर औषध गुडघ्यापर्यंत पोचणार कसं? पट्ट्याचं घड्याळ वेगळं. तो साधारण दोन तासांच्या वर ठेवत नाहीत, नाहीतर नसांना इजा होते. ठरावीक वेळानं सिस्टर मिनिटं पुकारतात आणि सर्जन मान न वळवता “हो” म्हणतात.

मला सगळ्यात जास्त वेळ खिळवून ठेवलं ते बाजूच्या छोट्या टेबलानं. मांडीच्या मागून काढलेला स्नायूचा दोर तिथे दुमडून शिवत होते. हेच नवं लिगामेंट. भोकांच्या पट्टीतून ओढून त्याची जाडी मोजली. आठ मिलिमीटरपेक्षा बारीक दोर तुटण्याची भीती अधिक, म्हणून ते माप मोठ्यानं सांगितलं गेलं. मग तो व्हँकोमायसिनच्या पाण्यात भिजवलेल्या गॉझमध्ये गुंडाळला. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सर्जननी ही साधी युक्ती प्रसिद्ध केली. एसीएलनंतर सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण मुळातच शंभरात एकाहून कमी. या भिजवण्यानं ते आणखी खाली येतं, हे नंतर अनेक ठिकाणी दिसलं. दोर गुंडाळून ठेवल्यापासून तो हाडात बसेपर्यंत एक सिस्टर त्या टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांच्या मागून कुणी जायचं नाही, टेबलावरून हात पलीकडे न्यायचा नाही. असा दोर, म्हणजे ग्राफ्ट, जमिनीवर पडल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत. या माणसाच्या अंगात दुसरा तसा दोर शोधायचा म्हणजे आणखी एक जखम. त्या सिस्टरचं नाव ऑपरेशनच्या कागदावर कुठल्या तरी कोपऱ्यात असेल. त्या सबंध वेळात त्यांनी एकदाही पाठ फिरवली नाही.

बाकीचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे पार पडलं.

खरी परीक्षा वॉर्डात सुरू होते, आणि तिथे गुंतागुंत बहुतेक वेळा मायेच्या वाटेनं येते. दुसऱ्या दिवशी फिजिओ मॅडम आल्या तेव्हा मुलाच्या गुडघ्याखाली उशी होती. आईनं ठेवलेली.

“मावशी, उशी काढा.”

“मॅडम, तेवढीच जरा झोप लागते हो त्याला.”

“लागते, पण गुडघा वाकलेलाच राहतो. आत्ता सरळ झाला नाही, तर पुढे भूल देऊन सरळ करायची पाळी येते.”

मॅडमनी उशी काढली आणि टॉवेलची गुंडाळी टाचेखाली दिली. गुडघा अधांतरी राहिला, मुलानं दात आवळले, आईनं तोंड फिरवलं. गुडघा आखडणं ही या ऑपरेशननंतरची फार नेहमीची अडचण आहे आणि ती रोखायचे दिवस हेच असतात. गुडघ्याखालची बाहेरची कातडी बधिर राहील, घाबरायचं नाही, हे त्याला ऑपरेशनआधीच सांगितलं होतं. दोर काढताना तिथली बारीक नस दुखावते. आधी सांगितलेली गोष्ट सोसता येते.

दुसरी माया तालमीची. पोटरी दुखायला लागली की आपल्याकडे पहिली आठवण मालिशची. पण ऑपरेशननंतर सुजलेल्या, दुखऱ्या पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळण्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून मॅडम वस्तादांनाही बोलावून घेतात. तिसरी ओढ चिखलाची. मावळात जून-जुलैला पाऊस लागला की भाताची लावणी थांबत नाही. हातांची वानवा असते आणि घरातला तरणा मुलगा खाटेवर बसलेला बघवत नाही. टाके ओले असताना इंद्रायणीच्या खाचरात उतरलेला एक पाय मॅडमनी बघितला आहे. त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज चढतो.

त्यांनी एका कागदावर पाच ओळी लिहून दिल्या: ताप, जखमेतून पाणी, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, पोटरीची सूज, धाप. यांतलं काहीही झालं तर गावात इंजेक्शन घेत बसायचं नाही, थेट इथे यायचं. कारण सांध्यात जंतू शिरल्याची शंका असेल तर आधी सुईनं पाणी काढून तपासायला पाठवायचं असतं, मग औषध. आधीच दोन-चार दिवस गोळ्या पोटात गेल्या की जंतू तपासणीत लपतो आणि सांधा मात्र झिजत राहतो. वेळेत दुर्बिणीनं आतून धुतलं तर बसवलेला ग्राफ्टही बऱ्याचदा वाचतो.

त्या कबड्डीपटू मुलाला मी पुढे अधूनमधून भेटत राहिले. तो मळवलीहून लोकलनं तळेगावला यायचा. स्टेशनचा पूल हाच सुरुवातीचा व्यायाम: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. तीन महिन्यांनी त्याचा गुडघा दुखेनासा झाला. मॅडमच्या लेखी सगळ्यात धोक्याचा काळ तिथून सुरू झाला. बसवलेला दोर लगेच लिगामेंट होत नाही. आधी त्याच्यातल्या पेशी मरतात, मग शरीर त्यात नव्या पेशी आणि रक्तवाहिन्या धाडतं. या उलथापालथीत तो काही काळ बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर असतो. माणसाला वाटतं बरं झालं, आतला दोर म्हणतो अजून नाही.

“नऊ महिने,” मॅडम म्हणतात. मुलगा म्हणतो, गावची जत्रा चैत्रात आहे, ऑगस्टपासून आठ महिने होतात, एकाच महिन्याचा तर प्रश्न आहे. “नऊ महिने.” २०१६ मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या खेळाडूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांपर्यंत मैदानात उतरणं लांबवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण एक्कावन्न टक्क्यांनी घटत होतं. हा आकडा मॅडम प्रत्येकाला सांगतात. तो डोक्यात शिरत नसेल तर ऋषभ पंतचं नाव घेतात. अपघात ३० डिसेंबर २०२२ चा, मुंबईत गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारी २०२३ मध्ये, पुन्हा मैदानात मार्च २०२४ मध्ये. त्याच्या दिमतीला क्रिकेट मंडळाची सगळी यंत्रणा होती. तुझ्याकडे लोकलचा पास आहे, मग तुला घाई कसली?

आणि नुसते महिने मोजूनही भागत नाही. एका पायावर उडी मारायची, अंतर मोजायचं, मग दुसऱ्या पायावर. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरला पाहिजे, मांडीची ताकदही तेवढी हवी. ही परीक्षा घ्यायला मोजपट्टी पुरते, पण ती घेतल्याशिवाय मैदानात उतरणारेच जास्त.

मावळात कबड्डी आणि कुस्ती म्हणजे गावाची इज्जत. एक्स्प्रेस वेवरून गहुंजेचं स्टेडियम दिसतं, पण गाव जमतं ते देवळापुढच्या मातीत. मंडळं सामन्यांसाठी वर्गणी काढतात, बक्षिसं लावतात, मांडव घालतात. मुलाच्या ऑपरेशनसाठीही गाव पदर पसरून पैसे उभे करतं, हे मी बघितलं आहे. तासा-दीड तासाच्या त्या कामासाठी सगळे धावतात. नंतरच्या नऊ महिन्यांसाठी कुणी नसतं, आणि पहिल्याच जत्रेला तेच गाव म्हणतं, “एक चढाई कर फक्त.” पंचविशीच्या आतले जे खेळाडू एसीएलनंतर पुन्हा मैदानात उतरतात, त्यांतल्या जवळपास चौघांमागे एकाचं याच किंवा दुसऱ्या पायाचं लिगामेंट तुटतं. मामांचा ब्रश, सिस्टरची पहारेकरी नजर, मॅडमनी काढून घेतलेली उशी, हे सगळं त्या एका चढाईत पणाला लागतं.

म्हणून माझं मागणं मंडळांकडे आहे. सामन्याच्या प्रवेशअर्जात एक ओळ वाढवा: गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या खेळाडूनं नऊ महिने पूर्ण केल्याचं आणि उडीची परीक्षा पार केल्याचं फिजिओचं पत्र जोडावं. वर्गणीतला थोडा भाग त्याच्या तळेगावच्या फेऱ्यांसाठी बाजूला काढा. बाकावर बसलेल्या त्या मुलाच्या हाती या काळात लहान पोरांचा सराव द्या, म्हणजे तो मैदानापासून तुटणार नाही आणि मैदानात उतरणारही नाही. ऑपरेशन डॉक्टर करतात; ते टिकवण्याची जबाबदारी गावानं घेतली पाहिजे.