सिकलसेल : आजार मुलाला, ताण घराला

सिकलसेल असलेले मूल तपासताना डॉक्टर हिमोग्लोबिन बघतात, पोटावर हात ठेवून प्लीहा चाचपतात, डोळ्यांतला पिवळेपणा बघतात. शेजारी उभ्या असलेल्या आईला रात्री झोप लागते का, हे सहसा कोणी विचारत नाही. खरे तर तिच्या झोपेचा मुलाच्या औषधाशी थेट संबंध असतो. थकलेल्या, घरात एकट्या पडलेल्या आईकडून गोळी चुकते. ताप आला तर ती सकाळपर्यंत वाट पाहते, आणि या आजारात सकाळपर्यंत वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

गोंदिया जिल्ह्याला हा आजार नवा नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलबद्दल १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यातील आदिवासी घरांत, तसेच अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही हा जनुकीय दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो टिकला मलेरियामुळे. ज्याच्याकडे एकच सदोष जनुक असतो, त्या ‘वाहक’ व्यक्तीला जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या मुलखात वाहक तगले. वाहक स्वतः आजारी नसतो, त्याला औषधही लागत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले, की मग प्रश्न उभा राहतो.

इथेच घरातले पहिले भांडण सुरू होते. अहवालात ‘एसएस’ लिहिलेले दिसले, की बोट सुनेकडे जाते. आमच्या घरात असे कोणाला नव्हते, हे वाक्य गोंदियातच नव्हे, तर साऱ्या विदर्भात ऐकू येते. विज्ञान याबाबत अगदी स्पष्ट आहे. मुलाला आजार व्हायला दोन सदोष जनुके लागतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पहिले मूल आजारी झाले, म्हणजे पुढची तीन चांगली होतील असा हा हिशेब नाही. पण हे समजावताना बहुधा आई एकटीच समोर असते. घरी जाऊन सासू-सासऱ्यांना हे गणित तिने कसे सांगायचे? समुपदेशनाला नवराही हवा, आणि शक्य असेल तर घरातले एक वडीलधारे माणूसही.

दुसरा ताण दुखण्याचा. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. हाडे, पाठ, छाती, पोट असह्य दुखते. मात्र बाहेरून काहीच दिसत नाही. सूज नसते, जखम नसते. काल शाळेत पळणारे मूल आज गुडघा धरून रडते आणि घर दोन तटांत विभागले जाते. एक म्हणतो दवाखान्यात चला, दुसरा म्हणतो अभ्यास टाळायला नाटक करते. दोन-तीनदा असे ऐकले की मूल दुखणे सांगणेच सोडून देते. यावर वैद्यकातला नियम साधा आहे : मूल दुखते म्हणाले, तर दुखते असे धरून चालायचे.

अंथरूण ओले होण्याबद्दल तर कोणी बोलतच नाही. या आजारात मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद कमी होते. त्यातच भरपूर पाणी पाजा असे डॉक्टर सांगतात, कारण अंगातले पाणी कमी झाले की पेशी अडकतात. साहजिकच दहा-बारा वर्षांचे मूलही रात्री अंथरुणात लघवी करते, वर्गातून वारंवार बाहेर जायला मागते. त्याबद्दल मार मिळतो, तोही त्याच आईकडून जी त्याच्यासाठी रात्रभर जागते. हा आजाराचा भाग आहे, आळस नव्हे, एवढे एक वाक्य कोणी वेळेवर सांगितले तरी घरातला बराच राग ओसरतो. शाळेतल्या गुरुजींनाही ते सांगायला हवे.

काय करायचे हे हातात असले, की भीती आटोक्यात राहते. याचे उत्तम उदाहरण जमैकाचे आहे. तिथे ग्रॅहम सर्जंट यांच्या पथकाने आयांना बाळाची प्लीहा चाचपायला शिकवले. लहान मुलांत कधी कधी रक्त अचानक प्लीहेत साठते आणि काही तासांत जीव जातो. डाव्या बरगडीखाली रोज हात फिरवणाऱ्या आईला ती फुगल्याचे आधी कळू लागले, मुले वेळेत रुग्णालयात पोचली आणि या कारणाने होणारे मृत्यू खूपच घटले. त्यासाठी यंत्र लागले नाही. आपल्याकडची आईही हे एका भेटीत शिकू शकते. जोडीला आणखी थोडे : १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, धाप, छातीत दुखणे, अचानक पांढरे पडणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच रात्री निघायचे. पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन चुकवायचे नाही, न्यूमोकोकलची लस घ्यायची.

रोजची गोळी हायड्रॉक्सियुरियाची. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी आपल्याच भागातील मुलांवर कमी मात्रेत तिचा उपयोग तपासला आणि दुखण्याचे झटके कमी होतात असे दाखवले. अडचण अशी, की गोळीने आज घेतली आणि उद्या बरे वाटले असे होत नाही. परिणाम दिसायला महिने लागतात, मधून मधून रक्त तपासावे लागते. मूल चार महिने खेळते राहिले, की आता कशाला गोळी, असे घरातल्या कोणाला तरी वाटते आणि ती बंद होते.

अशी घरे जगात सगळीकडे आहेत. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग आणि ग्वांगशी भागांत सिकलसेलचाच भाऊबंद असलेला थॅलसेमिया मोठ्या प्रमाणावर आढळतो. तिथे ‘एक मूल’ धोरणाच्या काळात अनेक घरांत आई-वडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा अशी सहा माणसे एकाच मुलाकडे डोळे लावून असत. ते मूल आजारी निघाले तर साऱ्या घराचीच आशा टांगणीला. गोंदियात चित्र उलटे असते. इथे घरात दुसरे मूल असते आणि ते विसरले जाते. भाऊ रुग्णालयात, आई त्याच्यापाशी, तेव्हा नऊ-दहा वर्षांची बहीण भात शिजवते, धाकट्याला सांभाळते. तिच्याबद्दल कोणाची तक्रार नसते, म्हणून तिच्याकडे लक्षही जात नाही. कित्येकदा तिची साधी रक्त तपासणीही झालेली नसते, आणि ती वाहक आहे हे तिच्या लग्नानंतर कळते.

पैशाचा ताण रोवणीच्या दिवसांत जास्त बोचतो. पावसाळा म्हणजे धानाच्या मजुरीचे दिवस, आणि भिजणे, थंडी, मलेरिया, ताप यांमुळे मुलाचे झटकेही याच दिवसांत वाढतात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात तेच. आई-बाप पहाटे जंगलात, मूल उन्हात पाण्याविना. एक झटका म्हणजे चार-पाच दिवसांची मजुरी बुडाली. औषध सरकारी रुग्णालयात मोफत मिळाले, तरी देवरीहून गोंदियाला येण्यात दिवस जातोच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, एसटीच्या साध्या गाडीत प्रवास सवलत आहे, संजय गांधी निराधार योजनेतही हा आजार आहे. कागद जमवायचे कसे, हे सांगणारे माणूस मात्र लागते. गावातील आशाताई हे काम सर्वात चांगले करू शकतात.

केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये शहडोलहून सुरू झाले आणि २०४७ चे लक्ष्य ठेवून चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी त्यात ठरली आहे. तपासणी वाढेल तशी अहवाल हातात घेतलेली घरेही वाढतील. त्या घरांसाठी प्रत्येक भेटीत आईला तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटेही लागत नाहीत. झोप लागते का? घरात मदतीला कोण आहे? मूल रुग्णालयात असते, तेव्हा बाकीची मुले कोणाकडे असतात? तिसऱ्या प्रश्नाला आई बहुधा क्षणभर थांबते. मग त्या मुलांनाही पुढच्या वेळी सोबत आणायला सांगावे, म्हणजे त्यांचेही रक्त तपासता येईल.