पंचवीस सेंटांच्या कादंबऱ्या रंगमंचावर

टपरीवर विकले जाते ते वाङ्मयच नव्हे, असे प्रस्थापित समीक्षकांनी ठरवून टाकले आहे. अमेरिकेतही तसेच झाले. १९५० नंतर तिथे औषधांच्या दुकानांत, बसस्थानकांवर पंचवीस सेंटांना कागदी बांधणीच्या कादंबऱ्या मिळत. त्यांत स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीच्या कथाही असत. मुखपृष्ठ पुरुष गिऱ्हाइकासाठी रंगवलेले आणि शेवट ठरलेला: वेड, मरण नाहीतर पुरुषाकडे परतणे. मॅरिजेन मीकर यांनी व्हिन पॅकर या नावाने लिहिलेल्या 'स्प्रिंग फायर'ला (१९५२) संपादकाने हीच अट घातली. सुखान्त केला तर टपालखाते गठ्ठे अडवील, ही धास्ती. (आपल्या तेंडुलकरांची मित्राही १९८१ साली मरतेच, तिथे टपालखाते नव्हते.)

ॲन बॅनन यांच्या लॉरा, बेथ आणि बीबो मात्र जगतात. त्यांच्या तीन कादंबऱ्यांतून केट मोइरा रायन आणि लिंडा चॅपमन यांनी 'द बीबो ब्रिंकर क्रॉनिकल्स' हे नाटक रचले. ते २००७ साली न्यूयॉर्कला झाले.

अशा रूपांतराची खरी अडचण संवादांची. ते भडक आहेत. नटीने प्रेक्षकांकडे पाहून डोळा मिचकावला की हशा हमखास. पण तो हशा कुणाच्या पदरी पडतो? जिने ते पुस्तक गादीखाली लपवून वाचले, तिच्याच. म्हणून मला वाटते, ते वाक्य जिवावर बेतल्यासारखेच बोलले पाहिजे. रंगमंचाचा एक फायदाही आहे. कादंबरीतला न्यायनिवाडा बहुधा निवेदक करतो. नाटकात निवेदक गळतो आणि बाईचे बोलणे उरते.

मी रूपांतर केले असते तर ट्रिसला गाळले नसते. 'विमेन इन द शॅडोज' (१९५९) मधली ही नर्तकी स्वतःला हिंदुस्थानातली म्हणवते. असते ती अमेरिकेतलीच काळी मुलगी. काळेपण लपवायला तिने आपला देश पांघरला आहे! बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) वाचलेल्याला ती परकी वाटणार नाही. लॉरापाशीही तिला खरे नाव-गाव सांगता येत नाही. तिच्यावर दिवा कुठून टाकायचा, यावरच माझी तालीम अडली असती.