झऱ्याची परीक्षा मे महिन्यात!

कोकणात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही मे महिन्यात कितीतरी वाड्यांवर टँकर लागतो. पाहुण्यांना हे पटतच नाही. पण मैत्रिणींनो, पाऊस किती पडला यावर आपली कळशी भरत नाही. मे अखेरीला वहाळात, पऱ्ह्यात किती धार उरते, त्यावर भरते.

पावसाळा संपला की ओढ्यात वाहतं ते जमिनीत मुरलेलं आणि हळूहळू पाझरणारं पाणी. ते दर महिन्याला आटत जातं आणि मृगाच्या तोंडावर सगळ्यात कमी होतं. पाणी योजना आखताना हाच नीचांक धरायला हवा. मात्र पाहणी पुष्कळदा दिवाळीनंतर होते. तेव्हा ओढा कसा छान खळाळत असतो!

हे मोजायला इंजिनियरच हवा असं नाही. छोट्या झऱ्याला मातीचा आडवा बांध घालायचा, त्यात पाइपचा तुकडा बसवायचा आणि खाली दहा लिटरची बादली धरायची. बादली भरायला किती सेकंद लागले ते घड्याळात पाहायचं. तीनदा मोजून सरासरी काढायची. बस्स.

समजा, जानेवारीत बादली दहा सेकंदांत भरली. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे दिवसाला ८६,४०० लिटर पाणी. जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी ५५ लिटर धरलं, तर दीड हजार माणसांची सोय! साहेब खूश, सरपंच खूश. पण मे महिन्यात त्याच बादलीला २४ सेकंद लागले, तर पाणी उरतं ३६,००० लिटर. ते साडेसहाशे माणसांनाच पुरेल, आणि त्यात गुरं धरलेलीच नाहीत. मग उरलेल्यांच्या घरच्या बायका हंडा घेऊन कुठे जाणार, हे योजनेच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

शिवाय हे ३६,००० लिटर चोवीस तासांचे. रात्री वाहून जाणारं पाणी टाकीत साठलं, तरच ते सकाळी मिळतं. टाकी नसेल तर बायकांनी रात्री दोन वाजता वाटीवाटीने पाणी भरत बसायचं, हे काही नवीन नाही.

मोठ्या ओढ्याला बादली पुरत नाही. तिथे इंग्रजी व्हीसारखी काटकोनी खाच पाडलेला पत्रा आडवा बसवतात आणि खाचेतून किती उंचीचं पाणी पडतं ते मोजतात. उंची दहा सेंटिमीटर असेल, तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर पाणी जातं. तीच पाचवर आली, तर निम्मं नाही, पाऊण लिटरच्या आसपास! म्हणूनच ‘अजून बरंय की पाणी’ हा नुसत्या डोळ्यांचा अंदाज फसतो.

मोजताना वेळ एकच ठेवावी. दुपारी झाडं पाणी ओढतात आणि ऊनही असतं, त्यामुळे धार थोडी बारीक होते. सकाळी मोजलं तर नेहमी सकाळीच मोजा. वळवाची सर येऊन गेली असेल, तर चार-पाच दिवस थांबा, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

एका वर्षाचा मे पाहून मात्र भागत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी ९५ टक्के भरवशाचा प्रवाह धरायची पद्धत आहे, म्हणजे वीस वर्षांपैकी एकोणीस वर्षं तरी तेवढं पाणी मिळायला हवं. आपल्या ओढ्याची वीस वर्षांची नोंद कुणाकडे असणार? जवळच्या मोजल्या जाणाऱ्या नदीशी तुलना करून तज्ज्ञ अंदाज बांधतात. तो ताडून पाहायला घरातल्या सासूबाई, आजेसासूबाई आहेतच. १९७२च्या दुष्काळात कोणता डोह आटला, कोणत्या झिऱ्याला पाणी राहिलं, हे त्यांना पाठ असतं. विचारायला मात्र कुणी येत नाही.

जलजीवन मिशनच्या नियमाप्रमाणे गावच्या पाणी समितीत निम्म्या तरी बायका हव्यात. नुसती सही करून चहा पिऊन परत येऊ नका. ‘हा आकडा कोणत्या महिन्यातला?’ एवढं विचाराच. वरच्या अंगाला किती पंप बसलेत आणि खाली धुण्याला, गुरांना किती पाणी सोडायचं, तेही विचारा. बचत गटाच्या वहीचं एक पान यासाठी ठेवता येईल. तारीख, वेळ आणि बादलीचे सेकंद, तीनच रकाने पुरेत. जानेवारीपासून दर पंधरा दिवसांनी एक ओळ लिहायची, ती पहिला पाऊस पडेपर्यंत.