मधुमेह आणि चिखल्या : रोज रात्री पाय पाहा



महाड-पोलादपूरकडे लावणी सुरू झाली की पाय दिवसभर चिखलात असतात. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, सोलते, खाजते. याच चिखल्या. एरवी पाय कोरडे ठेवले की त्या बहुधा बऱ्या होतात. साखरेच्या रुग्णाचे तसे नाही. साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठाही कमी होतो. चीर पडली तरी दुखत नाही आणि दुखत नाही म्हणून कोणी पाहत नाही. मधुमेहात पाय कापण्याची पाळी येते, तेव्हा सुरुवात बहुतेक वेळा अशाच लहान जखमेने झालेली असते.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता, अखेरच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने ते हैराण असत. हा आजार लपवण्याचा नाही, तपासण्याचा आहे.

पायाची जाणीव घरीच पाहता येते. रुग्णाने डोळे मिटावेत. दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपले बोट हलकेच 1-2 सेकंद टेकवावे, दाबू नये. 6 पैकी 2 किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर पाय डॉक्टरांना दाखवावेत.

रोज रात्री पाय धुऊन बेचके कोरडे टिपा. पाणी किती गरम आहे ते कोपराने पाहा, पायाने नको. टाचेच्या भेगांना खोबरेल तेल चालते; बेचक्यात लावू नका, तिथे ओल धरते. चिखल्यांवर क्लोट्रिमॅझोलसारखे बुरशीवरचे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने लावा आणि खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पुरे करा. रॉकेल, चुना लावू नका. कुरूप ब्लेडने कापू नका. बधिर पाय चुलीपाशी शेकू नका.

जखम असेल तर चिखलात उतरू नका; लेप्टोचे जंतूही तिथूनच शिरतात. त्या पायावर भार टाकू नका. चालत राहिल्यास चांगली मलमपट्टीही उपयोगी पडत नाही.

लाली वर चढली, सूज, पू, घाण वास, काळा डाग किंवा ताप आला, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. शेवटची एसटी जाण्याची वाट पाहू नका.

लावणीची मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. पण पाय गेला तर पुढची सगळीच मजुरी जाते. म्हणून रुग्णाचे ते चार दिवसांचे काम घरच्यांनी वाटून घ्यावे.