लॉकडाऊनमध्ये रद्दी आणि जुने कपडे घरातच का अडकले? द्यायला लोक तयार होते, पण घ्यायला कुणीच नव्हतं!

२५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला. लोक घरात अडकले आणि मग अनेक घरांत एकच काम निघालं, ते म्हणजे माळा आवरायचं. जुने कपडे, मुलांची लहान झालेली दप्तरं, तुटकी खुर्ची, पोचे आलेली पातेली, वर्षभराची रद्दी असं सगळं खाली उतरलं.

पुढं प्रश्न पडला, हे सगळं द्यायचं कुणाला?

भंगारवाल्याची हाक बंद होती, बोहारीण येत नव्हती, रद्दीच्या दुकानाचं शटर खाली होतं. संस्थेला फोन केला तर उत्तर मिळायचं, "सध्या कपडे नकोत, धान्य असेल तर द्या." त्यामुळे माळ्यावरून उतरलेलं सामान बाल्कनीत गेलं आणि महिनोन् महिने तिथंच राहिलं.

असं का झालं? त्यासाठी आपल्याकडे जुन्या वस्तू नेमक्या जातात कुठं, हे आधी समजून घ्यावं लागेल.

आपल्याकडचं रिसायकलिंग माणसांच्या डोक्यावरून जातं

अनेक देशांत घरासमोर रिसायकलिंगची वेगळी पेटी असते, गाडी येते आणि घेऊन जाते. आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर माणसं करतात. दारावर येणारा भंगारवाला माल दुकानात नेतो, दुकानातून तो ठोक व्यापाऱ्याच्या गोदामात जातो, तिथं वर्गवारी होते, गठ्ठे बांधले जातात आणि ट्रक भरून माल कारखान्यात पोचतो. रद्दी वापीसारख्या ठिकाणच्या कागद गिरण्यांत जाते. प्लास्टिक दळून, धुऊन त्याचा दाणा बनतो. मुंबईत धारावीचा १३ कंपाउंड हा भाग याच कामासाठी ओळखला जातो.

या साखळीची एक कडी निसटली तरी मागचं सगळं तुंबतं. लॉकडाऊनमध्ये तर सगळ्याच कड्या एकदम निसटल्या.

सोसायट्यांनी गेटवर बाहेरच्यांना बंदी केली. भंगाराचं दुकान अत्यावश्यक सेवेत धरलं गेलं नाही. गोदामात काम करणारे बरेचसे मजूर परराज्यांतले, ते मिळेल त्या वाटेनं गावी निघाले. १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला आणि तिथले व्यवहार ठप्प झाले.

त्यात तेलाचे भाव कोसळले. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेतल्या कच्च्या तेलाचा वायद्याचा भाव चक्क शून्याच्या खाली गेला. आता तेलाचा आणि भंगाराचा काय संबंध? तर नवं प्लास्टिक तेलापासूनच बनतं. तेल स्वस्त झालं की नवं प्लास्टिक स्वस्त होतं, मग जुन्याला भाव कोण देणार?

बोहारणीची गाडीच बंद होती

जुने कपडे घेऊन बदल्यात स्टीलचं भांडं देणाऱ्या बोहारणीचा धंदा तर पूर्णपणे फिरण्यावर. मुंबईत या बायका पाठीवर गाठोडं घेऊन लोकलनं उपनगरांत जायच्या. मार्चमध्ये लोकल थांबली. जूनमध्ये ती पुन्हा धावू लागली, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. सर्व महिलांना ठराविक वेळेत प्रवासाची मुभा मिळाली ती २१ ऑक्टोबर २०२० ला. म्हणजे साधारण सात महिने हा धंदा रुळांवरच अडकला.

तिनं नेलेले कपडे वर्गवारी करून, धुऊन, शिवून पुन्हा विकले जातात. अगदीच फाटलेल्यांच्या चिंध्या गॅरेजमध्ये यंत्रं पुसायला जातात. ती आली नाही म्हणजे एका घराचं गाठोडं पडून राहिलं इतकंच नाही, तर नवे कपडे न परवडणाऱ्यांचा बाजारही रिकामा झाला.

मग संस्था का नाही म्हणत होत्या?

पहिलं कारण भीती. १७ मार्च २०२० ला प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत सापडल्याचं म्हटलं होतं. दान आलेले कपडे हातानंच निवडावे लागतात. दुसऱ्याच्या घरातली गाठोडी सोडायला माणसं कुठून आणायची?

दुसरं कारण गरजेचं. रस्त्यावर अडकलेल्या मजुराला जुना शर्ट नको होता, तांदूळ आणि डाळ हवी होती. संस्थांची माणसं, गाड्या आणि जागा शिधावाटपात गुंतल्या होत्या.

ही अडचण फक्त आपल्याकडेच नव्हती. इंग्लंडमध्ये जुन्या वस्तू विकून समाजकार्याला पैसा उभा करणारी दुकानं मार्चमध्ये बंद झाली. १५ जूनपासून ती उघडू लागली, तेव्हा इतकं सामान आलं की आधी फोन करूनच या, असं अनेक दुकानांना सांगावं लागलं. आलेल्या पिशव्या ७२ तास बाजूला ठेवूनच उघडल्या जात.

पुढं चित्र स्पष्ट झालं. वस्तूला हात लावून संसर्ग होण्याची शक्यता दर वेळी १०,००० मध्ये एकाहून कमी आहे, असं अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं. तोवर वर्ष उलटलं होतं.

फटका कुणाला बसला?

घरातल्यांची अडचण जागेची होती, कचरावेचकांची पोटाची. पुण्यात २००८ पासून महापालिकेसोबत काम करणाऱ्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक लॉकडाऊनमध्येही दारोदार कचरा गोळा करत होत्या. त्यांच्या कमाईचा मोठा भाग सुका कचरा विकून येतो. दुकानंच बंद म्हटल्यावर गोळा केलेला माल विकायचा कुठं? त्यात लोक वापरलेले मास्क सुक्या कचऱ्यात टाकत होते. मास्क आणि हातमोजे कापून, कागदी पिशवीत ७२ तास ठेवून मगच टाका, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं सांगितलं होतं. पाळलं किती जणांनी?

परिणाम उद्योगांपर्यंतही गेला. रद्दीपासून जाड तपकिरी कागद बनतो आणि त्यापासून खोकी. ऑनलाइन खरेदीमुळे खोक्यांची मागणी वाढत असताना रद्दी मिळेना. २०२० च्या अखेरीस खोकी बनवणारे उद्योजक कागद महागल्याची तक्रार करू लागले. एकीकडे बाल्कनीत रद्दीचा ढीग, दुसरीकडे गिरणीत रद्दीचा तुटवडा!

यातून काय शिकायचं?

साथ असो, पूर असो वा संप, ही साखळी पुन्हा तुटू शकते. तेव्हा काही गोष्टी हाताशी असलेल्या बऱ्या.

रद्दी कोरडी ठेवा, कारण भिजलेल्या रद्दीला भाव येत नाही. कपडे धुऊन, वापरता येतील ते आणि फाटके असे वेगळे बांधा. संस्थेला आधी विचारा, मगच पाठवा. नको असलेलं सामान निवडण्यात त्यांचाही वेळ आणि पैसा जातो. वापरलेले मास्क, पट्ट्या, डायपर वेगळे गुंडाळून, खूण करून द्या.

आणि सोसायटीच्या बैठकीत अत्यावश्यक लोकांची यादी बनेल, तेव्हा दूधवाला आणि औषधवाल्यासोबत कचरा नेणाऱ्या ताई आणि भंगारवाल्याचंही नाव त्यात घाला. ते थांबले की काय होतं, हे २०२० मध्ये प्रत्येक बाल्कनीनं पाहिलं आहे.