कमलाबाई गोखले

शाळेच्या स्नेहसंमेलनात सीतेची भूमिका एखाद्या मुलीने केली, तर आज त्यात कोणालाही नवल वाटत नाही. पण पूर्वी महाराष्ट्रात अशी स्थिती नव्हती. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला. तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे नावाजलेल्या नाटक मंडळ्यांत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. देखणा चेहरा व गोड गळा असलेली मुले हेरून मंडळीत घेत आणि त्यांना लुगडे नेसण्यापासून स्त्रियांच्या चालण्याबोलण्यापर्यंत सारे शिकवीत. बालगंधर्वांनी तर या कलेचा कळसच गाठला.

त्याच काळात युरोपात मात्र स्त्रिया रंगभूमी गाजवीत होत्या. जर्मनीतील कोलोन शहरी जन्मलेली शार्लोट वोल्टर ही अभिनेत्री १८६२ साली व्हिएन्नाच्या प्रसिद्ध नाट्यगृहात दाखल झाली आणि तेथे मानास चढली. आपल्याकडे मात्र घरंदाज स्त्रीने तोंडाला रंग लावणे लोकांना निंद्य वाटे.

अशा काळात, १९०० साली, कमलाबाईंचा जन्म झाला. त्यांच्या आई दुर्गाबाई कामत या करारी स्त्री होत्या. पतीपासून विभक्त झाल्यावर चरितार्थासाठी त्यांनी नाटकाचा मार्ग धरला. समाजाने त्यांना नावे ठेवली. पण कष्टाच्या भाकरीची त्यांनी लाज बाळगली नाही. आईचे बोट धरून कमलाबाई मंडळीबरोबर गावोगाव हिंडल्या आणि वयाच्या अवघ्या चौथ्या वर्षी रंगभूमीवर उभ्या राहिल्या. मंडळीचा मुक्काम हेच त्यांचे घर आणि रंगभूमी हीच त्यांची शाळा.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला. त्यातील तारामतीच्या कामासाठी त्यांनी पुष्कळ शोध केला. पण एकही स्त्री पुढे येईना. अखेर साळुंके नावाच्या पुरुषाने ती भूमिका केली. त्याच वर्षी फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ हा दुसरा चित्रपट काढला. त्यात दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा वर्षांच्या कमलाबाई मोहिनी झाल्या. भारतीय चित्रपटातील पहिल्या अभिनेत्री म्हणून या मायलेकींची नोंद झाली.

पुढे कमलाबाईंचा विवाह रघुनाथराव गोखले या नटाशी झाला. गोखले बंधूंच्या नाटक मंडळीत त्या नायिकेची कामे करू लागल्या. प्रसंगी त्या पुरुषाची भूमिकाही करीत. जेथे पुरुष लुगडे नेसून टाळ्या मिळवीत, तेथे ही स्त्री पुरुषवेषात तितक्याच डौलाने वावरे!

परंतु सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. कमलाबाई पंचविशीत असतानाच रघुनाथरावांचे निधन झाले. त्या काळी विधवेने घराचा कोपरा धरावा, अशी रूढी होती. कमलाबाईंनी ती मानली नाही. तीन मुलांच्या तोंडी घास घालायचा होता आणि अभिनय ही एकच विद्या हाती होती. दुःख गिळून त्या पुन्हा रंगभूमीवर उभ्या राहिल्या. बोलपट आल्यावर त्यांतही त्यांनी कामे केली. मुलांपैकी चंद्रकांत नामवंत नट झाले. लालजी व सूर्यकांत यांनी तबलावादनात नाव मिळविले. नातू विक्रम गोखले यांनीही अभिनयात कीर्ती मिळविली.

१९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. हळूहळू ती रीतच पडली. पायवाट मळली की तीवरून चालणे सोपे असते. परंतु पहिले पाऊल टाकणाऱ्याच्या पायांत काटे रुततात. दुर्गाबाई व कमलाबाई यांनी ते काटे सोसले.

कालांतराने कमलाबाईंचे निधन झाले. लोकांनी नावे ठेवली, म्हणून त्यांनी आपले काम कधी टाकले नाही. आणि शेवटी त्याच कामामुळे लोक त्यांचे नाव आदराने घेऊ लागले.