पैसे मध्येच अडकतात तेव्हा

मैत्रिणींनो, आठवडी बाजारात आपल्या पापड-कुरडयांच्या शेजारी आता क्यूआर कोड उभा असतो. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, पैसे कापले गेले," आणि आपला फोन गप्प! मग पैसे गेले कुठे? आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात त्यावर २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. एवढ्या गर्दीला एकच मोठा संगणक पुरत नाही. लग्नात पाचशे पानं उठवायची तर आपण एक चूल मोठी करत नाही; चुली वाढवतो, वाढप्यांना पंगती वाटून देतो. इथेही तसंच. खाती ज्या त्या बँकेकडे, आणि निरोप पोचवायचं काम मधल्या एनपीसीआय या संस्थेकडे. आधी देणाऱ्याच्या बँकेतून पैसे वजा होतात, मग घेणाऱ्याच्या बँकेत जमा. यातली एक बँक जरी गर्दीने दमली, तरी निरोप मध्येच लटकतो.

म्हणून प्रत्येक व्यवहाराला वेगळा नंबर असतो. तोच निरोप दोनदा गेला तरी नंबरावरून ओळखता येतो, पैसे एकदाच जमा होतात. पण गिऱ्हाईकाने पुन्हा स्कॅन केलं की नवा नंबर, नवा व्यवहार. त्यामुळे 'पेंडिंग' दिसत असेल तर लगेच दुसऱ्यांदा पैसे मागू नका. आणि माल देताना त्याचा फोन नाही, आपलं खातं बघा.

गर्दी कमी करायच्या युक्त्याही आहेत. शिल्लक बघितली की दर वेळी बँकेच्या संगणकाला हाक जाते. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवर दिवसाला ५० वेळाच ती बघता येते. (पन्नास वेळा बघतं तरी कोण, असं आम्हालाही वाटलं!) दुसरी युक्ती यूपीआय लाइट. चहाच्या दहा रुपयांसाठी आपण कपाट उघडत नाही, बटव्यातले सुट्टे देतो. तसे यात ५,००० रुपयांपर्यंत फोनमध्येच ठेवता येतात, आणि छोट्या खर्चाला पिन लागत नाही. मात्र मग फोन बटव्यासारखाच जपायचा.

अडकलेल्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. दोन माणसांमधला व्यवहार असेल तर कापलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. तक्रारीला जाताना व्यवहाराचा १२ अंकी नंबर गटाच्या वहीत लिहून न्या, बँकेत तो लागतोच.